काढलेलं दार

माझ्या नोकरीतली ती सर्वांत किरकोळ केस होती. तिच्यात झालेली चूक मात्र सर्वांत मोठी, आणि ती सर्वस्वी माझी होती. एका निर्दोष माणसाला बेड्या घालून मी कर्जतच्या बाजारातून चालवत नेलं. त्यानं गुन्हा कबूल केलाय, अशी माझी खात्री होती. तो साधं मराठी बोलत होता आणि मला ते समजलं नाही. आता पन्नाशी उलटलीय, खाकी उतरवलीय, तेव्हा सरळ लिहून टाकतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कर्जतला फौजदार होतो. एका बुधवारी सकाळी ठाण्यात कालव्याच्या कामावरचा जीपड्रायव्हर फिर्याद घेऊन आला. कोंडाण्याच्या बाजूला त्यांचा कॅम्प होता. रात्री उभ्या केलेल्या जीपचं मागचं हिरवं दार सकाळी गायब, असं त्याचं म्हणणं. ठाणे अंमलदारानं नोंद घेतली. सरकारी कामावरची गाडी, त्यामुळे वरून फोनही आला.

शुक्रवारी तपासासाठी मी साध्या कपड्यांत जवळच्या कडाव गावात गेलो. तिथल्या एका दूधवाल्याकडे लष्करातून लिलावात निघालेली जुनी जीप होती. मागून उघडी, त्यामुळे खड्ड्यात दुधाचे कॅन घरंगळून रस्त्यावर पडायचे. त्याच जीपला त्या दिवशी हिरव्या रंगाचं, कडी-बिजागरीचं मागचं दार बसलेलं दिसलं. समोरच्या हॉटेलात चहा मागवला आणि मालकाला सहज विचारलं, "दूधवाल्याच्या गाडीला दार आलं वाटतं?"

"आलंय न्हवं. कर्जतमधल्या त्या शेडवाल्या मिस्त्रीनं काढलं."

"मिस्त्रीनं काढलं?"

"मग! त्याच्या हाताला लई सफाई हाय. तुमी नुसतं बोट दाखवा, काय बी काढील त्यो."

खबर पक्की झाली. दूधवाल्याला विचारायची मला गरजच वाटली नाही. तासाभरात मिस्त्री ठाण्यात होता. पस्तिशीचा, किडकिडीत, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी सदऱ्याला भोकं पडलेला. नाव, गाव, वस्ती विचारली. वस्तीचं नाव ऐकून माझा संशय वाढला. का वाढला, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही. आज सांगतो. त्या वस्तीनं धर्म बदलून किती वर्षं झाली होती, घराघरांत बुद्धाची तसबीर लागली होती, पण माझ्या डोक्यातल्या वहीत त्या माणसांसमोरचा जुना शेरा तसाच होता.

"दार कुणी काढलं?" मी विचारलं.

"मीच की, साहेब."

इतक्या लवकर कुणी कबूल होत नाही. मला माझ्या दराऱ्याचं कौतुक वाटलं.

"कधी?"

"मंगळवार, बुधवार. दोन दिस गेले."

"एका दाराला दोन दिवस?"

"घाई केली तर वाकडं निघतं. आन ती गाडी पार म्हातारी, एक बाजू धड नाय."

"कुणी बघितलं?"

"येनारा-जानारा सगळा बघत व्हता. त्यात लपवायचं काय, साहेब?"

हा उद्धटपणा वाटून मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्यानंतर तो गप्प झाला. मी जबाब लिहिला: 'सदर जीपचे मागील दार मी स्वतः काढले.' वाचून दाखवला आणि चोरीचं कलम सांगितलं, तेव्हा तो उठून उभाच राहिला.

"चोरलं नाय, साहेब! काढलं!"

"तेच लिहिलंय ना? बस खाली."

मग त्यानं हात जोडले. येत्या सोमवारी त्याला खोपोलीच्या एका कारखान्यात वेल्डर म्हणून हजर व्हायचं होतं. कायमची नोकरी. आठ वर्षं रस्त्याकडेच्या शेडमध्ये पत्रे ठोकल्यावर त्याला हे पत्र आलं होतं. "सोमवार चुकला तर दुसऱ्याला घेतील. मला सोमवारपुरतं सोडा, मंगळवारी मी आपणहून येतो." आरोपी असल्या शंभर सबबी सांगतात. शनिवारी मी मॅजिस्ट्रेटसमोर उभं करून त्याची मंगळवारपर्यंत पोलीस कोठडी घेतली.

सोमवारी मुद्देमालाच्या पंचनाम्यासाठी कडावला जायचं होतं. ठाण्याची गाडी बंद पडलेली. त्याला बेड्या घालून बाजारातून एस.टी. स्टँडपर्यंत पायी नेलं. भाजीवाल्या हातातला तराजू तसाच धरून बघत राहिल्या. कुणी तरी म्हणालं, "आरं, ह्यो तर आपला मिस्त्री!" त्यानं मान वर केली नाही.

बरोबर आमचे वयस्कर हवालदार होते. कडावला पोचल्यावर पंच आले. हवालदारांनी दारावर बोटाचं पेर वाजवलं, दार उघडलं, आतली बाजू पाहिली, बंद केलं. पुन्हा उघडलं. मग मला बाजूला बोलावलं.

"साहेब, आतून बघा जरा."

आतल्या बाजूला रंग नव्हता. पत्र्यावर डांबराचे काळे ओघळ होते आणि छापील अक्षरांच्या अर्ध्या ओळी, कडेला कापल्या गेलेल्या. रस्त्याच्या कामावरचं डांबराचं रिकामं पिंप उभं कापून, ठोकून सपाट केलेलं होतं.

"आन ह्ये मापून बघा," हवालदार म्हणाले. "खालून दोन बोटं रुंद हाय. गाडीचं मागचं अंग बसलंय, तसंच दार कापलंय. ह्ये दुसऱ्या कुठल्या गाडीला लागायचं नाय, आन दुसऱ्या गाडीचं हिला लागायचं नाय."

"पण त्यानं स्वतः सांगितलं, दार काढलं म्हणून."

हवालदारांनी माझ्याकडे नवशिक्याकडे बघावं तसं बघितलं. "काढलंच की. पिंपातनं काढलं. शिंपी कापडातनं सदरा काढतो का नाय? तसं."

मिस्त्री बेड्या घातलेल्या हातांनी तिथंच उभा होता. तो दूधवाल्याला सांगत होता, "खालची रबराची पट्टी सुटाय लागलीय. चिकटवून घ्या, नायतर चिखल आत येईल."

दुपारी कॅम्पवर जाऊन मी ड्रायव्हरला समोर बसवलं. या वेळी मारहाण केली नाही, फक्त गाडी मागे घेताना कुठे कुठे वळवतोस ते दाखव म्हटलं. तिसऱ्या वळणाला खडीचा ढीग होता आणि त्याच्यात हिरव्या रंगाचे कपचे. ड्रायव्हर रडायलाच लागला. मागे घेताना दार चेपलं, नोकरी जाईल या भीतीनं त्यानं ते उतरवून कालव्याच्या पाइपात गोणपाटाखाली लपवलं होतं. दहा मिनिटांत दार मिळालं. केस उलगडली आणि वरून शाबासकीही आली.

मिस्त्रीला कोर्टासमोर नेऊन सोडलं. 'निर्दोष असल्याचे निष्पन्न' असं मी लिहू शकलो असतो. पण तसं लिहिलं की मला का समजलं नाही, हा प्रश्न उभा राहणार. मी लिहिलं: 'पुराव्याअभावी सोडण्यात आले.' पुढं कारखान्यानं ठाण्याकडे विचारणा केली, तेव्हा तेच तीन शब्द मी माझ्या सहीनं पाठवले. ती जागा दुसऱ्याला गेली. काही महिन्यांत मिस्त्रीनं कर्जतमधली शेडही बंद केली.

बोलण्याच्या ऐवजी थप्पड मारली की समोरचा माणूस पुढचं वाक्य गिळतो, आणि नेमकं तेच वाक्य तपासाला हवं असतं. 'कशातून काढलं?' एवढा एक प्रश्न मी विचारला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पुढच्या नोकरीत प्रत्येक जबाब मी त्या माणसाच्या धंद्याचे शब्द त्यालाच विचारून लिहिला आणि माझ्या हाताखालच्या पोरांनाही तसंच लिहायला लावलं. त्यातून पुष्कळ केसेस सुटल्या. त्या तीन शब्दांचं मात्र मी अनेक वर्षं काहीही केलं नाही.

नोकरी सोडल्यावर शोध काढला. तो खालापूरला होता, नाक्याजवळ, पुन्हा एका शेडमध्ये. बाहेर दोन-तीन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती. त्यानं मला लगेच ओळखलं आणि हातातला हातोडा खाली ठेवला.

"बसा, साहेब. काय काम काढलंत?"

"तुमची माफी मागायला आलोय," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं, कागदावर काय लिहिलं तेही. ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं एक पाना उचलून पुसायला घेतला.

"मला कशाला सांगता? मी चोरी केली नाय, ते मला पयल्या दिवसापासून ठावं हाय. आत ती हाय. तिला सांगा."

त्याची बायको पदराला हात पुशीत शेडला लागून असलेल्या घराच्या दारात आली. तिनं मला पुरं बोलूही दिलं नाही.

"माजं दोन भाऊ हायेत, साहेब. बेड्या बघितल्यापासून आमच्या घरचं पानी पीत नायेत. त्या बाकावर बसलाय, त्यो धाकटा. गाडी नीट कराय येतो, उंबरा चढत नाय. मला काय सांगू नका. बाहेर या आन त्याला ऐकू येईल असं बोला."

मी बाहेर आलो. बाकासमोर उभा राहिलो. गणवेश नसताना चार माणसांपुढं बोलायची सवय मला नव्हती, पण आवाज चढवला.

"मी तेव्हाचा कर्जतचा फौजदार. या माणसानं चोरी केली नव्हती. बेड्या घालून बाजारातून नेलं त्याच दिवशी मला ते कळलं होतं, तरी माझी चूक झाकायला मी कागदावर त्याच्यावर संशय ठेवला आणि त्याची नोकरी घालवली. मिस्त्री, ताई, मी तुमचा गुन्हेगार आहे. मला माफ करा."