गोजराआत्याचा सोमवार

गोरक्षनाथने पोस्टकार्ड पेटीत टाकलं आणि घरी येऊन ऐटीत सांगितलं, "आत्या, ठरलं. सोमवारी आपण बैलगाडीनं निघोजची कुंडं बघायला जायचं. चांगुणालाही तिथंच यायला कळवलंय."

गोजरबाईचा भाकरी थापणारा हात थांबला. "सोमवारी? आन् बैल?"

गोरक्षनाथ सत्तर साली मॅट्रिक झालेला. कुकडीच्या पाण्यानं काळ्या कातळात ती खोल घळ कशी कोरली, हे त्याला तोंडपाठ. सोमवारी बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे मात्र तो साफ विसरला. तेही कुणाच्या घरात? सोमवारी औत धरलं म्हणून सरपंचाला भर पारावर झापणाऱ्या बाईच्या. नवरा गेल्यावर बारा वर्षं आत्या एकटी शेत कसत होती. एखादी पेरणी हुकली असेल, बैलांची सुट्टी कधी हुकली नाही.

"दुसरं कार्ड टाकतो. मंगळवार कळवतो."

"सासूनं पोरीला मोजून एक दिस सोडायचं कबूल केलंय. ती सोमवारी तिथं येऊन वाट बघत बसंल, आन् तुजं कार्ड फिरतंय पोस्टात."

आत्याची लेक चांगुणा दिवाळीपासून माहेरी आली नव्हती. त्यात तिच्या सासरचा पाटा झिजून गुळगुळीत झालेला. मसाला भरड राहायचा आणि सासू बोलायची सुनेला. म्हणून आत्यानं नवा पाटा-वरवंटा घडवून घेतला होता. गाडी खरी त्यासाठीच हवी होती.

"मग कसं करायचं?" गोरक्षनाथने हळूच विचारलं.

"दोन कोस तर हाय. चालत जाऊ. सोमवार बैलांचा हाय, मानसांचा न्हाई."

असं म्हणून, काष्टीच्या बैलबाजारात गोऱ्हा पारखावा तशी आत्या भाच्याचे खांदे न्याहाळत राहिली.

सोमवारी पहाटे आत्या भाकरीचं गाठोडं घेऊन पुढं, आणि डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटा घेऊन मॅट्रिक मागं. वरवंटा घरीच राहिला. एका डोक्यावर दोन दगड मावेनात.

घळीच्या काठावर मायलेकी जवळजवळ बसल्या त्या दुपार कलेपर्यंत. कुंडांकडे पाठच होती दोघींची. पाणी खडक कसा कापतं, ते गोरक्षनाथने मान चोळत एका शेळीला समजावलं.

निघताना चांगुणानं पाट्यावरच्या छिन्नीच्या ताज्या टाक्यांवरून बोट फिरवलं. "आये, वरवंटा?"

"गोरख्या आनून देईल की. त्यानंच तर सोमवार ठरवला."

त्याला आता दोन महिने झाले. चांगुणा जुन्याच वरवंट्यानं वाटते, आणि निघोजचं नुसतं नाव निघालं की गोरक्षनाथला शेतातली कामं आठवतात.