ममीच्या छातीतला चुना

सकाळपासून मी सावेडीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये येरझारा घालत होतो. कोपरगावहून आलेला थोरला भाऊ कॉटवर बसून ओवा चघळत होता. उसाच्या बांधावरून भराभर चाललं की त्याच्या छातीत कळ यायची. थांबलं की जायची. डॉक्टरांनी अकराची वेळ दिली होती. साडेदहा झाले तरी दादा हलेना.

आठवड्यापूर्वी त्यानं एक व्याख्यान ऐकलं होतं. वक्त्यांना फेटा, शाल, नारळ आणि गाडीपर्यंत डोक्यावर छत्री. ‘प्राचीन माणसाला हृदयरोग ठाऊकच नव्हता’ हे त्यांचं वाक्य दादानं प्रसादासारखं घरी आणलं होतं.

“अरे, इजिप्तच्या ममींचे स्कॅन काढलेत. हजारो वर्षांपूर्वीची माणसं, आणि रक्तवाहिन्यांत चुना साचलेला,” मी म्हणालो.

“ते राजे. तूप खाऊन लोळत असतील. आपला आजा भाकरी खाऊन मोट हाकायचा.”

“शिकार करून जगणाऱ्यांच्या देहांतही सापडलाय.”

“आपल्यात न्हाई.”

“आजोबा कशानं गेले?”

“वायू धरला.”

“आणि वडील?”

दादानं ओव्याची आणखी एक चिमूट तोंडात टाकली. “वायूच.”

दोघंही शेतात, छातीवर हात धरून, घामानं भिजून गेले होते. दोघांनाही गेले त्या-त्या दिवशीच अग्नी दिला, तिसऱ्या दिवशी राख गोदावरीत. “इजिप्तवाल्यांनी पुरावा जपला,” मी म्हणालो, “आपण नदीत सोडला.” वाक्य जमलं म्हणून मी मनातल्या मनात खूश झालो.

दादाचं चघळणं थांबलं. “बाप काय माझ्या एकट्याचाच हुता का रं?”

“म्हणजे?”

“तू कवा तपासलं?”

मी खिडकीकडे गेलो. महिनाभर मी जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर मोबाईल बघायच्या निमित्तानं थांबत होतो, डावा खांदा चोळत. मग घरी येऊन ममींबद्दल वाचत बसायचो. तो ओवा चघळत होता, मी ममी.

“दोघांचं नाव लिव,” दादा म्हणाला, “तर येतो. न्हाईतर दुपारच्या गाडीनं चाललो.”

मी दवाखान्यात फोन लावला. आणखी एक पेशंट आहे म्हणालो. वय सांगितलं.

“त्रास काय होतो?” पलीकडच्या बाईंनी विचारलं.

“काही नाही हो, वायू,” तोंडातून निघून गेलं.

दादा दारात वाकून चपला घालत होता. मान वर न करता म्हणाला, “खरं सांग त्यांना.”