आबांच्या डिप्रेशनला नवं ऑइल

गुरुवारी दुपारी मायचा फोन आला आणि माझा प्रवास ठरला. ठरला कसला, मी पळतच सुटले! माय म्हणाली, "ह्यांचं डिप्रेशन पार कामातून गेलंय बाई. नुसतं हूं हूं करून राहिलं. गफारभाई म्हणले, आता न्हाई टिकत. ऐतवारी हिंगोलीहून माणूस येऊन राहिला, नेतो म्हणला." एवढं बोलली आणि रेंज गेली. नंतर फोन लागेल तर शपथ.

आबा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं गोरेगाव ते हिंगोली सवारी जीप चालवली. लग्नाच्या वऱ्हाडाला हसवत न्यायचे आणि रडत्या नवरीला हसवत परत आणायचे. असा माणूस हूं हूं करतोय? आणि कोण कुठं नेतोय त्यांना? साहेबांना सांगितलं, घरी आजारपण आहे. शुक्रवारी पहाटे मी संभाजीनगरच्या स्टँडवर हजर.

तुम्हाला जायचं असेल तर सांगते. हिंगोलीची थेट एसटी मिळाली तर उत्तम. मला मिळाली नाही म्हणून जालना-मंठा-जिंतूर असं तुकड्या-तुकड्यांनी गेले. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं खिसा शाबूत. जिंतूरच्या स्टँडबाहेर मिरची भजी मात्र खाच. मी रडत रडत पाच खाल्ली. रडू आबांचं होतं की मिरचीचं, भजीवाल्याला कळेना. "तिखट लागलं काय ताई?" म्हणून बिचाऱ्यानं चहा आपल्या खर्चानं पाजला. पुढं येलदरी लागतं. धरणाचं पाणी असं निळंशार पसरलेलं, काठावर बगळे. एरवी मी शंभर फोटो काढले असते. त्या दिवशी एकही काढला नाही, म्हणून या पोस्टला फोटो नाहीत.

सेनगावला उतरून गोरेगावची जीप धरली. आत पंधरा माणसं, माझे गुडघे माझ्याच हनुवटीला. ड्रायव्हरनं आरशातून ओळखलं.

"तुमी आबांची पोरगी न्हाई का?"

"व्हय. कसं आहे त्यांचं?"

"डिप्रेशन गेलं म्हणं ना? वाईट झालं. पण वय झालं, ताई. भंगारात जायचंच कवा ना कवा."

भंगारात! मी त्याला असं काही बोलले की पुढची दोन गावं जीपमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. त्या दादांची इथं जाहीर माफी मागते.

घरी पोचले तर आबा अंगणात बसून ठेच्यासंगं भाकरी हाणतायत. "आगं, तू कशी काय?" मी त्यांच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं. माय पीठभरल्या हातानं बाहेर आली आणि मग उलगडा झाला. जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो ना, इंजिनचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणारा, त्याचं पुस्तकी नाव डिफरेन्शियल. आमच्याकडचे मिस्त्री त्याला बिनधास्त डिप्रेशन म्हणतात! म्हणजे डिप्रेशन जीपला आलं होतं. मी हसायला लागले ती थांबेचना. आबांना ठसका लागला, माय म्हणाली, "बापलेकीला येड लागलं." शेजारच्या गफारचाचांना ऐकू गेलं आणि तेही आले. गॅरेज बंद करून त्यांना बरेच दिवस झालेत, पण गावातल्या प्रत्येक गाडीचा खोकला ते अजून ओळखतात.

हसून झाल्यावर आबांनी भाकरी बाजूला ठेवली. "हूं हूं आवाज गेला तर जीप ठेवतो. न्हाई गेला तर ऐतवारी भंगारवाल्याला देऊन टाकतो. आतले दाते तुटले आसतील तर रस्त्यात चाक जाम व्हईल, कोणाच्या जिवावर बेतंल." मला गलबलून आलं. क्लच दाबायला पाय पुरत नव्हता तेव्हा उशी लावून मी ह्याच जीपवर गाडी शिकले. मी विचारलं, "ऑइल कधी बदललं होतं?" आबा आभाळाकडं बघायला लागले.

शनिवारी सकाळी मोहीम सुरू. मी व्हिडिओ बघून ठेवले होते. गाडी सपाट जागेवर, चाकांना पुढून-मागून दगड, आधी चार-पाच किलोमीटर फिरवून ऑइल कोमट केलेलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी वरचं, ऑइल भरायचं बूच उघडायचं आणि मगच खालचं. वरचं अडकलं असेल तर जुनं ऑइल तरी आत राहतं. मी हे आबांना समजावतेय तोवर त्यांनी खालचं उघडलंसुद्धा! तीस वर्षांचा ड्रायव्हर पोरीचं ऐकतो व्हय?

घमेल्यात काळंकुट्ट ऑइल पडलं, निम्म्याहूनही कमी. "म्हणून कण्हत व्हती," चाचा म्हणाले. खालच्या बुचाला लोहचुंबक असतो. त्यावरचा काळा लगदा त्यांनी दोन बोटांत चोळला, उन्हात धरला. आम्ही तिघं त्यांच्या बोटांवर वाकलो. "नुस्ता भुगा हाय. दात्याचा तुकडा न्हाई." मी उडीच मारली.

पण वरचं बूच काही केल्या हलेना. ऑइल तर सांडून बसलेलो. मी जीपखाली उताणी, आबा मागं उभे राहून हुकूम सोडतायत, "डावीकडं! आगं, डावीकडं!" त्यांचं डावं माझं उजवं, आणि उताणं पडल्यावर माझं मलाच डावं कुठलं कळेना. अर्धा तास झटले, बूच जास्तच घट्ट. शेवटी चाचा ओरडले, "डावं-उजवं सोडा सगळं! बेटी, रिसोडकडं घट्ट होतंय, हिंगोलीकडं सैल. हिंगोलीकडं ओढ!"

गावाच्या एका अंगाला रिसोड, दुसऱ्या अंगाला हिंगोली, आणि हिंगोली कुठं आहे हे मला झोपेतही कळतं. पान्याला लांब पाईप घातला, टायरला पाय लावले आणि "हिंगोलीऽऽ" म्हणून जो ओढला! कट्ट! बूच सुटलं. अंगणात गुलाल उधळायचा तेवढा राहिला.

आता नवं ऑइल. नव्वद नंबरचं, दोन लिटर, साडेसहाशेच्या आसपास. थंडीनं ते काकवीसारखं घट्ट झालेलं. डबा गरम पाण्याच्या बादलीत ठेवला. मायचं नरसाळं मागितलं तर म्हणाली, "घेऊन टाक, पण मला नवं आण." खालचं बूच पुसून घट्ट बसवलं, नरसाळ्याला पाईप जोडून वरून ओतलं आणि वरच्या भोकातून बाहेर ओघळायला लागल्यावर तेही बूच बसवलं. ह्या खेपेला रिसोडकडं! जुनं ऑइल नालीत ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.

मग चाचणी, सेनगावच्या रस्त्यानं. आबा स्टेअरिंगवर, मी शेजारी, माय मागं. निघताना आबा हळूच म्हणाले, "माझ्या कानाचा आता भरोसा न्हाई. तूच सांग. पण खोटं नको बोलू." चाळीसला तो आवाज सुरू व्हायचा. तीस... पस्तीस... चाळीस. मी कान टवकारले. पन्नास. डावीकडं तुरीचं रान, उजवीकडं हरभरा, इंजिनची घरघर, वारा. हूं हूं नाही! तरी माझं मन धजेना. कानाला खोटं पाडायला मन किती तयार असतं.

तेवढ्यात मागून माय, ओरडून नाही, घरात बोलते तशी म्हणाली, "अवो, येताना वांगी घेऊ का?"

"घे की," आबा म्हणाले.

आणि आबांनी करकचून ब्रेक मारला. त्या आवाजापायी ह्या जीपमध्ये मायला आजवर आबांना प्रत्येक गोष्ट दोनदा ओरडून सांगावी लागायची, तिसऱ्यांदा ती रुसायची. आबा वळून तिच्याकडं बघतच राहिले. "तू काय म्हणली, ते मला ऐकू आलं," ते म्हणाले. डोळे भरलेले. माय लाजून म्हणाली, "मग? वांगीच म्हणले." मला सांगावंच लागलं नाही काही.

रविवारी हिंगोलीच्या माणसाला चहा-पोहे देऊन आबांनी परत धाडलं. मी दुपारच्या गाडीनं निघाले.

आता इथं संभाजीनगरात बसून लिहितेय. नखातलं काळं अजून निघालेलं नाही, डाव्या खांद्याला रग आहे, आणि साहेबांना कसलं आजारपण सांगावं ते सुचत नाही. काल मायला फोन केला तर तिनं उचलला नाही. तासाभरानं तिचाच आला. म्हणाली, "गाडीत व्हतो आमी. ह्यांच्याशी बोलत बसले व्हते."

"कुठं निघाला होता?"

"कुठंच न्हाई. नुसतं बोलायला."