केसभर फट

कपलिंग टँकरच्या पाइपाला लावलं, तर ते फिरवायची गरजच पडली नाही. वाळल्या हातातून बांगडी निघावी तसं वर गेलं आणि तसंच बाहेर आलं. मी बघतच राहिले. माझ्यामागं अख्खी गल्ली घागरी घेऊन उभी.

आता नीट सांगते. लातूरला रेल्वेनं पाणी यायचं, तेव्हाची गोष्ट. आमच्या गल्लीची टाकी समाजमंदिराच्या छतावर. टँकरवाला खालून मोटरीनं पाणी चढवायचा. त्याचा पाइप आमच्या पाइपाला जोडणारं पितळी कपलिंग, आतून आटे पाडलेलं, ते नेमकं चिरलं. जुन्या मापाचं, बाजारात मिळेना. टँकर आठ दिवसांतून एकदा. हुकला की पुढचे आठ दिवस कोरडे.

मग बाया माझ्याकडं आल्या. आमचं घरचं लेथचं वर्कशॉप, डाळमिलचे सुटे भाग करायचं. मी सातवी शिकलेली, पण लेक पुण्याला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर धूळ खात पडला, म्हणून व्हिडिओ बघून बघून त्यावर नट-बोल्टचं ड्रॉइंग काढायला शिकले. पडद्यावर बोल्ट नटात बसला की कागद छापून उस्तादला द्यायची. उस्ताद म्हणजे आमचे टर्नर, तीस वर्षं आमच्याच लेथवर. दोन वर्षांत माझं एक काम अडलं नाही. मला त्याची लई मिजास होती, खोटं कशाला बोलू?

त्याच आठवड्यात एका व्हिडिओत कळलं, की बोल्टचं आणि नटाचं माप तंतोतंत एक ठेवलं तर आटे अडकतात. नटात केसभर फट सोडावी लागते. मी तर कधीच सोडली नव्हती! मग माझे नट बसत कसे होते? उस्तादला विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं. गुपचूप फट सोडून कपलिंग काढलं आणि कागद दिला.

आणि आता टँकरसमोर हे असं.

ड्रायव्हर उदगीरकडचा, तिकडं वेगळ्या जिल्ह्याची मागणी जुनी. म्हणाला, “काकू, कॉम्प्युटरनं केलंय न्हवं? मग त्यालाच म्हणा, पाइप धरून उभा रहा.”

बाया हसल्या. मला हसू येईना.

“मागची गल्ली बोलवायलीय,” तो म्हणाला. “आमचं उदगीर जिल्हा होऊ द्या, मग लातूरला पाणीच द्यायचं न्हाई!”

“आधी जिल्हा तर होऊ दे,” माझी जाऊबाई म्हणाली. “मागच्या गल्लीत जाऊन ये, पण अर्धा टँकर आमचा.”

मी तशीच वर्कशॉपला पळाले. “उस्ताद, कागदावरचं माप धरलं का नाही?”

त्यांनी कपलिंग हातात घेऊन मोजलं. मान खाली घातली. “काकू, केसभर वाढवून कापलं. नेहमीसारखं.”

“नेहमीसारखं म्हणजे?”

“तुमच्या कागदात फट नसतीच. पहिला नट कापला तवा अडकला. तुमी इतक्या खुशीत कागद आणलेला, म्या काय बोलणार? वाढवून दिला. मग तेच चालू राहिलं.”

“दोन वर्षं?”

“हाव.”

मी तिथंच डब्यावर बसले. कानात नुसता लेथचा आवाज. वरणात सासूनंही मीठ घातलं, सुनेनंही घातलं, असं झालेलं. पण त्याहून मोठा धक्का हा, की आजवरचं सगळं वरण सासूच करत होती.

“आज फट मी सोडली होती, उस्ताद.”

आता त्यांचं तोंड उघडंच राहिलं. “मग बोलायचं ना, काकू!”

“तुम्ही बोललात का दोन वर्षं?”

त्यांनी नवं पितळ लेथला लावलं. मी आकडा मोठ्यानं वाचला, त्यांनी तोच कापला. मध्ये एकदा त्यांचा हात सवयीनं पुढं सरकला. मी नुसतं “अंहं” म्हटलं.

टँकर परत आला तेव्हा अर्धा रिकामा होता. कपलिंग हातानं तीन वेढे फिरलं, मग पान्यानं आवळलं. पाणी चढल्याचा आवाज आला तेव्हा मी जाऊबाईचा हात घट्ट धरला. तिला म्हटलं, “आजवरचे सगळे नट उस्तादचे होते गं. माझा खरा पहिला हाच.”

“पहिला हाय व्हय?” ती वाकून बघत म्हणाली. “मग अजून जरा आवळ. गळायलाय.”

खरंच थेंब थेंब गळत होतं. मी खाली तांब्या लावला आणि पाना उचलला.