डावा पीळ

सूर्यकांत विषाणूंची चित्रं काढायचा. आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका छापखान्यात, औषध कंपन्यांच्या पत्रकांसाठी, पगारावर. विषाणूला डोळे आणि दात रंगवून मागणाऱ्यांची त्याला शिसारी यायची. "हिरवी लाळ गाळणारं भूत पाहिजे यांना," तो म्हणायचा. "खरा विषाणू कुणाकडे बघतसुद्धा नाही."

१९९९ साली फ्लूच्या लशीचं पत्रक आलं. त्या विषाणूच्या अंगावर प्रथिनांचे खिळे असतात. शास्त्रज्ञांनी छापलेली मापं समोर ठेवून सूर्यकांतने त्यातला एक खिळा अणूला अणू जोडत रंगवला. तीन महिने गेले. अल नहदाच्या फ्लॅटमध्ये जेवताना तो नूडल बोटाभोवती गुंडाळून मुलीला दाखवायचा, "हा पीळ बघ. उजवा. सजीवांच्या प्रथिनात असाच असतो, स्क्रूच्या आट्यांसारखा."

"बाबा, जस्ट ईट," आभा म्हणायची.

इंग्रजी पत्रक झालं, की उजवीकडून वाचायच्या अरबीसाठी छापखान्यात अख्खं पान आरशातल्यासारखं उलटवायचे. फोटोतली माणसं डावखुरी व्हायची; त्याचं कुणाला काही नव्हतं. मशीनमधून पहिला कागद बाहेर आला तेव्हा सूर्यकांतला दिसलं. पानाबरोबर प्रथिनही उलटलं होतं. सगळे पीळ डावे.

तो लेआउटच्या हेडकडे, परेशकडे गेला. परेश त्याच्याहून वीस वर्षांनी लहान.

"हे चुकलंय. असं प्रथिन जगात नाही."

"सूर्यकांतजी, टेन्शन नका घेऊ, मी चेक केलंय." परेशने कोपऱ्यावर बोट ठेवलं. "तुमची सही पण उलटी झाली होती. ती सरळ केली, बघा."

सही खरंच सरळ होती.

"चित्र सरळ कर."

"क्लायंटने अप्रूव्ह केलंय. खलास. आणि कळणार कुणाला?"

"मला."

"मग तुम्ही बघू नका ना."

सूर्यकांतने सहीवर बोट ठेवलं. "माझं नाव काढ."

"ते काढतो," परेश लगेच म्हणाला. नाव काढायला क्लायंटला विचारावं लागत नव्हतं.

डिसेंबरात सूर्यकांतला ताप आला. बायको त्याला क्लिनिकमध्ये घेऊन गेली. भिंतीवर दोन्ही पत्रकं शेजारीशेजारी लावलेली होती. परेशने इंग्रजीवरचंही नाव काढलं होतं.

डॉक्टरांनी त्याच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवला आणि त्याची नजर कुठे आहे ते पाहिलं.

"छान आहे ना? मला हे अरबीतलं जास्त आवडतं."

सूर्यकांतने तोंड मिटलेलंच ठेवलं. थर्मामीटरला स्पिरिटची चव होती.