काका, प्रोसेसर असा बसत नसतो

रिपेअरिंगच्या दुकानात बिघडलेले चार्जर साठतात तसे किस्सेही साठतात. चार्जर निदान भंगारवाला नेतो.

जुन्या जालन्यातलं हे दुकान माझ्या काकांचं. आधी ते पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग करायचे, आता लॅपटॉप दुरुस्त करतात. मी बीएस्सी कॉम्प्युटर, त्यांच्या हाताखाली. त्या शनिवारी पुण्याच्या एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत होती, तीही माझ्या एकुलत्या एका लॅपटॉपवरून. म्हणून आठवडाभर माझं अर्धं लक्ष लॅपटॉपवर आणि उरलेलं काकांवर.

*

काकांचा आत्मविश्वास नशिबाने आलेला. पहिल्यांदा प्रोसेसर बदलला तेव्हा त्यांनी भंगारातल्या लॅपटॉपमधला काढून सरळ दुसऱ्यात बसवला. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, दोन्हींत योगायोगाने सारखीच निघाली आणि लॅपटॉप चालू झाला.

तेव्हापासून एकच सिद्धान्त. "पिना बराबर बसल्या की झालं."

"काका, मॉडेल बघावं लागतं."

"मॉडेल गिऱ्हाइकाला इचारायचं. आपण पिना बघायच्या."

*

सोमवारी धान्याच्या मोंढ्यातले एक शेठ आले. ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर उपटून, कागदात गुंडाळून आणलेला. "हा ह्या लॅपटॉपात टाका. जल्दी."

मी म्हणाले, "शेठ, हा यात बसणारच नाही. जागाच वेगळी आहे."

"असं कसं? दोन्ही तुमच्याच दुकानातून घेतलेत!"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही शेठचा मुद्दा बिनतोड आहे.

*

बुधवारी एमआयडीसीतल्या एका सुपरवायझरचा लॅपटॉप. काकांनी त्यात नवा प्रोसेसर बसवला. पिना अगदी बरोबर, स्क्रीन मात्र काळी.

"मदरबोर्ड या प्रोसेसरला ओळखत नाही," मी म्हणाले.

"नवी सून हाय. रुळायला टाइम लागतो. राहू दे चालू."

तासभर नुसता पंखा फिरला. शेवटी मी जुना प्रोसेसर परत बसवला आणि लॅपटॉप लगेच सुरू झाला. काका सुपरवायझरला म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगून राह्यलो, जुनाच ठेवा. पण आजकालची पोरं ऐकत न्हाईत."

*

शुक्रवारी जेवून आले, तर टेबलावर माझा लॅपटॉप उताणा. बॅटरी बाहेर, शेजारी एक नवा प्रोसेसर, आणि काकांच्या हातात गरम हवा फेकणारी हीट गन, चालू.

"काका, याला सॉकेटच नाही. प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेला आहे."

"दिसलं की. म्हणून तर गरम करून काढून राह्यलो."

"पण तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला पाह्यजे? उद्या मोठ्या लोकांसमोर बसायचंय तुला. मशीन हळू चाललं तर ते तुलाच हळू समजतील."

मी हीट गन हिसकावून घेतली. बोर्डाला हात लावला, अजून थंड होता. बॅटरी जोडली, स्क्रू लावले, बटण दाबलं. लोगो दिसला. मग काकांना बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला होता. वडीलधाऱ्यांशी धड भांडताही येत नाही.

*

शनिवारी मुलाखत दुकानातूनच दिली, कारण नेट तिथलंच चांगलं. काकांना रॅकच्या मागे बसवलं, गप्प राहायच्या अटीवर.

सगळं छान चाललं होतं. शेवटी समोरच्या मॅडमनी विचारलं, "तुमचे वरिष्ठ काही चुकीचं करताना दिसले, तर तुम्ही काय कराल?"

मी गोड उत्तर पाठ केलं होतं. तोंडातून निघालं, "त्यांच्या हातातली हीट गन काढून घेईन."

मग रॅकमागून आवाज आला, "अन् आधी स्विच बंद करायचा असतो. काल तशीच हिसकली हिनं."

मॅडम स्क्रीनकडे वाकल्या. "हे कोण बोललं?"

"वरिष्ठ," मी म्हणाले.