झोपवलेला संगणक आणि दोन प्रकरणं

तो वाचनालयात वर्तमानपत्र चाळत बसला होता, तेव्हा कपाटामागून एका बाईचा आवाज कानावर आला. ती एका अंध गृहस्थांना पुस्तक वाचून दाखवत होती. ग्रंथपालांनी दोनदा "शूऽऽ" केलं, तरी सुरू असलेलं वाक्य पुरं करूनच ती थांबली. "आमच्या दादानं त्या आवाजाशीच लग्न केलं," असं त्याची बहीण अजून म्हणते.

घरात संगणक एकच, पण त्यात बिऱ्हाडं दोन. त्याच्या ऑफिसच्या कामाची एक प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम), आणि अंधांच्या संस्थेसाठी ती ध्वनिमुद्रित करायची त्या बोलक्या पुस्तकांची दुसरी. फायली ठेवायचा कप्पा तेवढा सामाईक. त्याला आवराआवरीचा मुळातच कंटाळा. काम उघडं टाकूनच, पूर्ण बंद न करता, तो संगणक झोपवायचा. उठवला की सगळं जिथल्या तिथे.

तिच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर आवाज येईल, पण हाच येईल असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून आदल्या दुपारी, त्याची प्रणाली झोपलेली असतानाच, तिने आपली सुरू केली, हातातल्या पुस्तकाची शेवटची दोन प्रकरणं वाचून, मुद्रित करून कप्प्यात ठेवली आणि दवाखान्याची पिशवी भरली.

"संस्थेला पाठव हं. विसरशील."

तो विसरला नाही. शस्त्रक्रिया पार पडल्यावर घरी येऊन त्याने आपली झोपलेली प्रणाली उठवली. ऑफिसचं अर्धवट काम आधी त्याच कप्प्यात सेव्ह केलं, मग प्रकरणं शोधली. एक सापडेचना. दुसऱ्यातून नुसती खरखर.

मेहुण्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान. तो आला, बराच वेळ खटपट करून मागे टेकला.

"दाजी, झोपवलात तेव्हा कप्प्यात काय कुठे आहे ते याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मधे ताईनं नवीन ठेवलं, याला काय पत्ता? उठल्यावर जुन्याच आठवणीवर भिस्त ठेवून यानं ताईच्या फायलींवरच लिहून टाकलं."

"परत नाही येणार?"

"नाही. पूर्ण बंद करायला हात दुखतात का हो तुमचे?"

तिला बोलायची बंदी होती. "मजा आहे बुवा तुमची!" शेजारी म्हणाले. त्याने खाटेशी बसून सगळं सांगितलं. मग मोबाइलवर टाइप करून तिने पुढे धरलं: "तू वाच."

"मी? माझा आवाज म्हणजे फुटका डबा!"

"असू दे. लोक शेवटाची वाट बघतायत," तिने पुन्हा टाइप केलं.

तिचा आवाज परतला, पण भरडा. पानभर टिकत नाही. त्या पुस्तकाची शेवटची दोन प्रकरणं त्याच्याच आवाजात आहेत. ती आता इतरांनी वाचलेली पुस्तकं ऐकून तपासते.